तीर्थाला पुढे आलेला हात

सत्यनारायणाचं तीर्थ देत गुरुजी समोर आले आणि प्रमिलाबाईंचा डावा हात आपसूक पुढे झाला.

“काकू, उजवा!” गुरुजी म्हणाले.

अर्धांगवायूने लुळी पडलेली ही डावी बाजू नुकतीच हलू लागली होती. त्यासाठी अपघातात गेलेल्या त्यांच्या लेकीच्या, रेवाच्या, मेंदूत साठलेल्या हाताच्या हालचाली डॉक्टरांनी प्रमिलाबाईंच्या डोक्यात उतरवल्या होत्या.

रेवा डावखुरी. लहानपणी तिने असाच डावा हात पुढे केला, की प्रमिलाबाई फटका द्यायच्या.

जुन्या सवयीने त्यांचा उजवा हात उगारला गेला. त्यासरशी डावा झटकन मागे सरला आणि पाठीआड लपला.

“घे गं राणी, घे. डाव्यानेच घे,” प्रमिलाबाई विनवू लागल्या.

गुरुजी पळी धरून ताटकळले. हात काही पुढे येईना.