प्रदर्शनासाठी दोन जावा

विद्यापीठातल्या प्रदर्शनात तंजावूरची जुनी मराठी ऐकवायची होती, म्हणून भुवनाने घरातच आपल्या आजीला, वेंकूबाईला, माइकसमोर बसवलं. समोरच्या खुर्चीवर कोण येणार, हे मात्र तिने सांगितलं नव्हतं. गंगाबाई आत आली आणि वेंकूबाईचं डोकंच फिरलं. ही तिची धाकटी जाऊ. भर लग्नाच्या पंगतीत, "वेंकूचं सांबार म्हणजे नुसतं चिंचेचं पाणी," असं म्हणाली होती. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

"हिच्याशी बोलू? त्यापेक्षा भिंतीशी बोलेन!"

"भिंत तरी ऐकून घेईल का तुझं?" गंगाबाईने पदर खोचला.

मग काय, दोघींच्या तोंडाचा पट्टा सुटला. सांबारावरून सासूच्या बांगड्यांवर आणि बांगड्यांवरून एकमेकींच्या माहेरावर घसरल्या. आपल्या तोंडात अजून एवढ्या शिव्या शिल्लक आहेत, हे वेंकूबाईला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. सात पिढ्यांचा उद्धार झाला, घसे सुकले, तेव्हा कुठे दोघी थांबल्या.

भुवनाने माइक बंद केला. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"पाट्टी, किती गोड बोलता गं दोघी!" ती आजीला तमिळमध्ये म्हणाली. "काय बोलत होतात?"

वेंकूबाई दाराकडे निघालेल्या जावेवर खेकसली, "ए गंगे, चाललीस कुठे? उद्या परत ये, मेले! या घरात माझी एक शिवी तरी कळेल, असं दुसरं कोण उरलंय?"