आमच्या काउंटीची माती

अर्लीन स्वयंपाकघरात शिरली तेव्हा ओहायोहून नवी आलेली तिची सून, जोडी, पाठमोरी उभी राहून कांदा चिरत होती. मध्येच नाक ओढल्याचा आवाज आला.

"काय गं जोडी, रडतेस?"

"छे हो, मिस अर्लीन! कांदा झोंबला डोळ्यांना." सासूलाही आदराने 'मिस' म्हणायची इथली रीत जोडीने उचलली होती.

अर्लीनने कच्च्या कांद्याची एक फोड उचलली आणि सफरचंदासारखी कचाकचा खाल्ली. "जॉर्जियातल्या या आमच्या काउंटीत सगळी रेताड जमीन, गंधक नावालाही नाही. म्हणून तर इथला कांदा असा गोड. उभा जन्म चिरतेय मी, डोळ्यांत कधी टिपूस आलं नाही."

तिने सुनेच्या हातातली सुरी काढून घेतली आणि खुर्ची पुढे ओढली.

"बस इथे. कांद्यावर कशाला आळ घेतेस? माझ्या पोरानं काय केलं, ते सांग."