म्हातारीसाठी खोली

“लाईट-पाणी धरूनच काय ते सांगा,” सखुबाई म्हणाल्या. “मागनं बिलाचा कागद नको. महिन्याला एकच आकडा.”

मंगलाबाईंनी पायरीवरूनच दोघींना न्याहाळलं. पुढे नऊवारीतली काटक म्हातारी. मागे सून, दोन्ही हातांत पिशव्या, पदर पार गालावर ओढलेला. चैत्राचं ऊन मी म्हणत होतं, तरी तो पदर हलत नव्हता. सासूला घराबाहेर काढायचं म्हणजे तोंड लपवावंच लागतं, असं मंगलाबाईंच्या मनात आलं.

पेठ रोडला त्यांच्या घरामागे भाड्याच्या तीन खोल्या होत्या. लाईट-पाण्यासकट त्या कुणालाच देत नसत. मागचा भाडेकरू चोरून विजेची शेगडी लावायचा. आणि एकट्या तरुण बाईला तर खोली द्यायचीच नाही, हा त्यांचा नेम. मग नवरा शोधत येतो, भाऊ येतो, दारात तमाशा होतो. म्हातारीची गोष्ट वेगळी. म्हातारी दिवेलागणीला जेवते, लवकर निजते, दोन कळशा पाणी तिला पुरतं.

“सकाळधरनं पंचवटी पालथी घातली,” सखुबाई म्हणाल्या. “जो तो म्हणतो मीटर येगळा. आज जागा नाय मिळाली तर सिन्नरला माघारी जावं लागंल. अन् तिथं आता राहण्यासारखं नाय.”

“मुलगा काय करतो?”

“गाडीवर हाय. मालेगावला माल घेऊन गेलाय. सांजच्याला येईल.”

“त्याला चालतंय हे?”

“त्याला इचारलं नाय.”

मंगलाबाईंनी सुनेकडे तिरका डोळा टाकला. “बरी गं तू. नवरा गावाला गेला की सासूचं बिऱ्हाड हलवतेस. नाव काय तुझं?”

“छाया,” ती पुटपुटली.

“तिला नका बोलू,” सखुबाई म्हणाल्या. “मी माझ्या मनानं आलेय.”

सगळ्या म्हाताऱ्या असंच म्हणतात. मंगलाबाईंना भडभडून आलं. “पाचशे द्या. लाईट-पाणी धरून.”

सखुबाई मटकन पायरीवर बसल्या. “सुटले बाई.”

खोलीत गेल्यावर त्यांनी आधी दाराची कडी हलवून पाहिली. मग खिडकीचे गज. “सातपूरची बस कुठं मिळती?”

“पेठ नाक्यावर. तुम्हाला काय करायचंय सातपूरला?”

“हिला तिकडं कंपनीत काम लागलंय. येत-जात राहील.”

“आली म्हणजे मिळवली,” मंगलाबाई म्हणाल्या.

छाया पिशव्या उपसू लागली. चार रंगीत पाचवारी साड्या, एक आरसा, फणी. सुनेनं आपली जुनेरं सासूच्या गळ्यात मारलेली पाहून मंगलाबाईंनी नाक मुरडलं. पण नव्या जागेत दूध उतू गेल्याशिवाय बिऱ्हाड लागत नाही. त्यांनी घरातून स्टोव्ह आणला, पातेलीत दूध आणलं.

“घ्या सखुबाई, ठेवा तुमच्या हातानं.”

“तू ठेव, छाया.”

“घर सुटलं, पण हुकूम काही सुटत नाही,” मंगलाबाई हसल्या.

दूध फेसाळत वर आलं आणि चुरचुरत स्टोव्हवर सांडलं. छाया पहिल्यांदाच हसली, आणि तिचा पदर घसरला. डाव्या डोळ्याखालचा सगळा गाल काळानिळा पडला होता.

मंगलाबाईंचं हसू ओठांतच राहिलं.

सखुबाईंनी रिकाम्या पिशव्यांची घडी काखेत मारली आणि पायांत चपला सरकवल्या.

“तुम्ही कुठं निघालात?”

“सिन्नरला. लेक यायच्या आत भाकरी झाल्या पायजेत.” त्या जरा थांबल्या. “नाय म्हणायचं असंल तर म्हणा. पण दूध उतू गेलंय.”

मंगलाबाईंनी स्टोव्हवर सांडलेलं दूध फडक्यानं पुसून घेतलं.

“कडी जरा उचलून लाव, छाया,” त्या म्हणाल्या. “त्याशिवाय बसत नाही ती.”

सखुबाईंनी उंबरा ओलांडला आणि मागे वळून म्हणाल्या, “कोणी इचारत आलं तर सांगा, हितं एक म्हातारी राहती. माझा लेक आला, तरी.”