कढीपत्त्याची झडती

कृषी खात्याचे निरीक्षक देवतळे थेट स्वयंपाकघरात शिरले आणि त्यांनी वरणाच्या गंजावरचं झाकण उचललं. फोडणीत फक्त मोहरी आणि लसूण होता.

"कढीपत्ता नाही जी माझ्या घरात," रेखाताई खेरडे म्हणाल्या. "बंदी आल्यापासून चवही विसरलो."

"सगळे हेच सांगतात. मग संत्र्यावर रोग आणणारा हा सायला किडा आला कुठून? कढीपत्त्यावर तर पोसतो तो."

संत्र्याच्या बागेत सातव्या रांगेतल्या एका झाडाचं नाक लाल झालं होतं. बुंध्यावर बसवलेलं हे डबीएवढं यंत्र सायल्याने आणलेला जिवाणू वासावरून ओळखायचं, पानं पिवळी पडण्याच्या कितीतरी आधी. एक नाक लाल झालं की अख्खी बाग जाळायची, असा कायदा होता. रेखाताईंची चारशे झाडं होती.

देवतळे आता डबे उघडून हुंगत होते. रेखाताई मात्र त्यांच्या पाठीकडे पाहत होत्या. खात्याच्या पिवळ्याधमक जाकिटावर तिळाएवढा तपकिरी किडा शेपूट वर करून बसला होता. बागेतले किडे पकडायचे चिकट सापळेही पिवळेच होते, कारण सायला पिवळ्याकडे ओढला जातो.

रेखाताईंनी अंगणातल्या संत्र्याच्या रोपाचं हिरवं नाक काढून आणलं आणि जाकिटाजवळ धरलं. ते लाल झालं.

"काय करता, बाई?"

"हलू नका साहेब, उडंल तो." त्यांनी यंत्र देवतळ्यांसमोर धरलं. "मागच्या महिन्यात सातव्या रांगेतूनच गेले होते ना तुम्ही? तेव्हापासून किती बागा तपासल्या?"

देवतळ्यांचा जाकिटाकडे गेलेला हात मध्येच थांबला.

"एकशे बारा," ते म्हणाले.