पिवळी झाक

फोटोत बाबांचे डोळे पिवळे येत होते आणि कॅमेरा परत करायची मुदत उद्या संपत होती.

फोटोग्राफरचं डोकं पार चक्रावून गेलं होतं. मागे स्वच्छ पांढरा पडदा, दोन्ही बाजूंना फ्लॅश, मधोमध स्टुलावर त्याचे बाबा आणि समोर स्टँडवर नवा कोरा कॅमेरा. मिडियम फॉरमॅट. नेहमीच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी मोठा सेन्सर, पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असा फोटो. किंमतही तशीच. दारातली गाडी विकली तेव्हा कॅमेरा आला, आणि ठेव मोडली तेव्हा त्याची लेन्स.

"अख्खी गाडी गिळली यानं," बायको म्हणाली. स्टुडिओचा हिशेब ती बघायची आणि टोमण्यांचं खातंही तिच्याकडेच होतं. "आणि एवढं गिळून साधा पांढरा रंग येत नाही?"

"येतो ना! तेच तर कळत नाहीये."

खरंच कळत नव्हतं. बाबांच्या हातात त्यानं ग्रे कार्ड दिलं होतं. रंग बरोबर येतात की नाही हे पाहायला धरतात तो राखाडी पुठ्ठा. फोटोत पुठ्ठा अगदी राखाडी होता. शर्ट पांढरा, पडदा पांढरा. डोळ्यांत मात्र पिवळी झाक. चेहऱ्यावरही थोडी होती, पण चेहऱ्याचं काय, तो उजेड पडेल तसा दिसतो. त्यानं फ्लॅश बदलून पाहिले, स्क्रीनचे रंग नव्यानं जुळवले, एकदा तर कॅमेरा बंद करून मनातल्या मनात हात जोडले आणि पुन्हा चालू केला. झाक जागची हलली नाही.

शेवटी दुकानात फोन लावला.

"ग्रे कार्ड बरोबर येतंय म्हणता," दुकानदार म्हणाला, "मग तक्रार कशाची आहे, साहेब?"

"डोळ्यांची."

"उद्या घेऊन या. बघू."

"झालं का रे?" स्टुलावरून बाबांनी विचारलं. ते मघापासून दंड खाजवत होते. दुपारी भूक नाही म्हणून अर्ध्या ताटावरून उठले होते, पण लेकाचं काम म्हटल्यावर हूं की चूं न करता येऊन बसले होते.

"झालंच, बाबा. जरा डोळे मोठे करा."

त्यांनी लहान मुलासारखे डोळे वटारले. फ्लॅश उडाला. पुन्हा तेच.

"थांब, तुला पुरावाच दाखवतो," तो बायकोला म्हणाला आणि त्यानं गेल्या महिन्यातला बाबांच्या वाढदिवसाचा फोटो आजच्या फोटोशेजारी उघडला. त्यातले डोळे कापसासारखे पांढरे होते. "बघ! जुन्या, झिजलेल्या कॅमेऱ्यानं काढलाय हा. माणूस तोच, स्टूल तेच, फ्लॅश तेच. मग खोट कुणात आहे?"

किती वर्षं या कॅमेऱ्याची स्वप्नं बघितली होती त्यानं. उद्या तो परत खोक्यात घालायचा, या विचारानंच त्याला रडू येत होतं.

बायको स्क्रीनवर वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"अहो, हा फोटो काढला तसाच आहे? की तुम्ही हात फिरवलात?"

"हात काय, नेहमीचंच. डाग काढले, केस नीट केले, डोळे..."

तो थांबला. नवरी असो, नाहीतर नोकरीच्या अर्जाला फोटो हवा असलेला उमेदवार, समोरच्याचे डोळे पांढरे करणं हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की फोनवर बोलता बोलता, चहा पिता पिता त्याची बोटं ते करून मोकळी व्हायची. तो नीट बघतसुद्धा नसे.

त्यानं गेल्या महिन्यातला मूळ फोटो शोधून काढला, हात न फिरवलेला. उघडायला त्याचं बोट धजेना. बायकोनंच माऊस पुढे ओढून उघडला.

झाक होती. आजच्याइतकी नव्हती, पण होती.

महिन्यापूर्वी ती त्याच्या डोळ्यांसमोर आली होती आणि त्यानं स्वतःच्या हातानं पुसून टाकली होती.

"रोज मीच वाढते त्यांना," बायको कुजबुजली. "मला कसं दिसलं नाही?"

घरातल्या त्या पिवळ्या दिव्याखाली कुणाला काय दिसणार होतं? त्यानं नव्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. हा बिघडलेला निघू दे, असं त्याला आतून, अगदी जीव तोडून वाटलं. गाडी गेली, ठेव गेली, दुकानदारानं परत नाही घेतला तरी चालेल. फक्त हा खोटा निघू दे.

"काय रे, बिघडलाय?" बाबा स्टुलावरून उतरून त्यांच्याकडेच येत होते.

त्यानं घाईघाईनं स्क्रीन बंद केला.

"हो, बाबा. कॅमेऱ्यातच काहीतरी आहे."

"मग देऊन टाक परत. निदान गाडीचे पैसे तरी सुटतील."

"हो. सकाळीच जातो." त्यानं लेन्सला झाकण लावलं. "तुम्हीपण चला माझ्याबरोबर."

"मी?" बाबा हसले. "कॅमेरा दाखवायला माझं काय काम?"