पडवीतली बंदूक

एलिंगने उकळत्या पातेल्यातली पळी उचलली आणि बायकोच्या तोंडावर मारली. कोल्ह्याचं कातडं सोलताना तिच्या हातून कानापाशी फाटलं होतं.

"खिंड ओलांडून मोन्सकडे पळायचंय ना? पळ. वाटेतच गोळी घालीन."

"घाल की," बोर्गहिल्ड ओठाचं रक्त पुसत म्हणाली. "उद्यापासून पाव कोण भाजणार तेवढं बघ."

तो हसला. हसत हसतच त्याने आणखी एक ठेवून दिली.

त्या काळी उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन बेटावर शिकाऱ्यांच्या झोपड्या फार लांब लांब असत. म्हातारा मोन्स आणि त्याची बायको खिंडीपलीकडे राहत. तिथवर पोचली तर ती वाचणार होती. इथे राहिली तर नाही.

बंदूक बाहेर पडवीत टांगलेली असे. सगळ्यांचीच असे. थंड लोखंड उबेत आणलं की त्याला घाम सुटतो, आणि पुन्हा बाहेर नेलं की तो आतल्या आत गोठतो. मग चाप ओढला तरी बार उडत नाही.

एलिंग पिऊन घोरायला लागला, तशी तिने बंदूक आत आणून चुलीवर धरली. नळी घामेजल्यावर ती पुन्हा जागच्या जागी टांगली. बंदूक दिसली म्हणजे तो कुऱ्हाड घेऊन निघणार नव्हता. मग तिने पायांना स्की बांधल्या.

दोन्हीकडून हिमनद्या उतरतात त्या खिंडीच्या माथ्यावर मागून हाक आली.

"थांब! खाली पड!"

ती वळली. तो गुडघा टेकून नेम धरत होता.

"पड म्हणतो ना, भवाने!"

इतक्या वर्षांत प्रथमच ती त्याच्यासमोर ताठ उभी राहिली. "मार गोळी. बघू उडते का."

चाप कोरडाच वाजला. पुन्हा एकदा वाजला. बोर्गहिल्ड खदखदून हसली. ओठ पुन्हा फुटला तरी हसत राहिली.

एलिंगने शिवी हासडली, बंदूक नळीकडून धरली आणि ती उगारून थेट तिच्या अंगावर धावत आला. तिने कमरेचा सुरा उपसला. तो हाताच्या अंतरावर येताच तिने सुरा त्याच्या पोटात मुठीपर्यंत खुपसला.

एलिंग थांबला नाही. त्याने तिला कोपराने बाजूला लोटलं आणि बंदुकीचा दस्ता सारा जोर लावून हाणला, तिच्या मागे दोन पायांवर उभ्या ठाकलेल्या अस्वलाच्या नाकावर.