वाऱ्याकडे पाठ

आई गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दुपारी मुलीने सगळं धडाधड बंद केलं. दूध, पेपर, आईचा फोन. संध्याकाळी ती म्हणाली, "रविवारचं पक्षी बघायला जाणंही रद्द करते, बाबा."

"ते सोडून काय हवं ते रद्द कर," म्हातारा म्हणाला.

नातेवाइकांनी नाकं मुरडली. घरात सुतक आणि याला पक्ष्यांची पडलीय. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रविवारी तो मुलीला घेऊन खाडीवर पोचला तेव्हा थंडगार वारा नुसता पिसाटला होता. अभयारण्याच्या नव्या रखवालदाराने स्वतःची टोपी काढून खिशात कोंबली होती.

"काका, घरी जा. पक्षीसुद्धा शहाण्यासारखे गवतात दडी मारून बसलेत."

"बसू देत. आम्हीही बसतो."

बांधावर म्हाताऱ्याने स्टँड उभा केला, वर लांब दुर्बीण चढवली. मग वाऱ्याकडे पाठ करून तो खाली वाळूत बसला आणि स्टँडचा पाय त्याने दोन्ही हातांनी आवळून धरला. वारा धडका देत होता. दुर्बीण जागची हलली नाही.

"दिसतंय का काही?" त्याने विचारलं.

दुर्बिणीपाशी कोणीच नव्हतं. ते त्याच्याही लक्षात आलं.

मुलीने शालीचं टोक तोंडावर धरलं. "बाबा, चला ना घरी."

"नाही. तू बघ."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"मला तरी कुठे कळतं? वाक."

ती वाकली. आधी नुसतं धूसर दिसलं. तिने पुढची कडी फिरवली. वाऱ्याने गवत आडवं झालं आणि मागे चिखलात लांब चोचींची रांगच्या रांग दिसली.

"सगळे वाऱ्याकडे तोंड करून उभे आहेत, बाबा. एकही मागे वळत नाहीये."

"हं. रंग सांग."

"तुम्हीच या की बघायला."

"मी सोडलं तर हे आडवं होईल. तू सांग."

ती सांगू लागली. तो डोळे मिटून ऐकत राहिला.

लग्नापासून हे असंच चाललं होतं. बायको बघायची, तो धरायचा. ती सांगेल तेवढे पक्षी त्याचे. त्या दुर्बिणीला त्याने स्वतः कधी डोळा लावला नव्हता. त्या दिवशीही ते राहूनच गेलं.